ईवुडचे खोत

पुण्याच्या एका उद्योगी घराण्याने १९ नोव्हेंबर २०१० रोजी इंग्लंडच्या लँकशायरमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला, तेव्हा आपल्याकडे काय हर्ष झाला होता! ज्यांनी आमच्यावर दीडशे वर्षे राज्य केले त्यांच्या अंगणात आता आमचा माणूस मालक म्हणून उभा राहणार. अंडी-कोंबडीच्या धंद्यातून वर आलेले पुणे प्रीमिअर लीगच्या पंक्तीला बसणार. प्रीमिअर लीगमधला क्लब ताब्यात घेणारी ती पहिलीच भारतीय कंपनी. अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट होती आणि तो वाटला यात पाप नव्हते. पाप पुढे घडले. मिरवून झाल्यावर, पाठ थोपटून झाल्यावर, त्या क्लबचे आणि त्या गावाचे पुढे काय झाले हे विचारण्याची तसदी पुण्याने घेतली नाही, मुंबईने घेतली नाही, क्रीडापानांनी घेतली नाही. आज त्या गावात ‘वेंकीज आउट’, म्हणजे या घराण्याने चालते व्हावे, ही घोषणा लिहिलेले फलक दीड दशक फडकत आहेत. ज्या शहराला आपण विद्येचे माहेरघर म्हणतो त्या शहराचे नाव हजारो मैलांवरच्या कामगार वस्तीत दात-ओठ खाऊन उच्चारले जाते आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही. हा अग्रलेख त्या बेफिकिरीविरुद्ध आहे, आणि त्याहून अधिक, खेळाच्या क्षेत्रातल्या बेलगाम मालकीविरुद्ध आहे.

ब्लॅकबर्न हे काय गाव आहे ते आधी समजून घेतले पाहिजे. ही कापसाची, मागांची, धुरांड्यांची भूमी. सुताच्या कताईचे तंत्र पालटून टाकणारी ‘स्पिनिंग जेनी’ जेम्स हारग्रीव्ह्जने याच परिसरात घडवली. अमेरिकेतल्या यादवीने कापूस अडला तेव्हा इथल्या गिरण्या सुरती कापसावर रखडत चालल्या आणि त्याच कापसाच्या भावाने मुंबईतल्या व्यापाऱ्यांच्या तिजोऱ्या भरल्या. इथल्या कापडाने आमचे विणकर देशोधडीला लावले हेही खरे. पण त्या कापडाचा नफा मागावर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती कधीच पडला नाही. त्याच्या हाती पडला तो शनिवारचा दुपारनंतरचा मोकळा वेळ, आणि त्या वेळात त्याने फुटबॉल उभा केला. १८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिंपिक या संघाने, ज्यात विणकर आणि गिरणीकामगार होते, ईटनच्या बड्या घरच्या माजी विद्यार्थ्यांना हरवून एफए कप उत्तरेकडे आणला; कामगारांच्या संघाने तो चषक प्रथमच जिंकला होता. त्याच गावातल्या रोव्हर्सने पुढची तीन वर्षे तो चषक बाहेर जाऊ दिला नाही. १८७५ मध्ये जन्मलेला हा क्लब १८८८ च्या पहिल्या फुटबॉल लीगमधल्या बारा संस्थापकांपैकी एक; १९९२ मध्ये प्रीमिअर लीग निघाली तेव्हाही संस्थापकांत त्याचे नाव होते. दोन्हीकडे संस्थापक असलेले क्लब इंग्लंडात तीनच: अॅस्टन व्हिला, एव्हर्टन आणि रोव्हर्स. १८९० पासून ईवुड पार्क हे त्याचे घर आहे. अशी वास्तू २ कोटी ३० लाख पौंडांत मिळते, याचा अर्थ तिची किंमत तेवढीच होती असा कोणी घेऊ नये.

या क्लबला एक मालक असा लाभला होता की त्याचे नाव आजही त्या गावात देवळातल्यासारखे घेतात. जॅक वॉकर. १९२९ मध्ये ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला, लहान वयात शाळा सुटलेला मुलगा. वडिलांनी पत्र्याच्या कामाचा छोटा धंदा काढला. जॅक आणि त्याचा भाऊ फ्रेड यांनी तो वाढवत वाढवत वॉकरस्टील ही देशातली नामांकित पोलाद-व्यापारी कंपनी केली आणि शेवटी ब्रिटिश स्टीलला सुमारे ३३ कोटी पौंडांना विकली. माणूस धुतल्या तांदळासारखा होता असे आम्ही म्हणणार नाही; इंग्लंडातला कर चुकावा म्हणून श्रीमंत लोक जिथे बिऱ्हाड हलवतात त्या जर्सी बेटावर तोही राहायला गेला होता. पण लहानपणी ज्या उभ्या गर्दीत सामने पाहिले ती गर्दी त्याच्या अंगातून गेली नाही. मालक होण्याआधीच ईवुडच्या नव्या स्टँडला त्याच्या कंपनीचे पोलाद लागले होते. जानेवारी १९९१ मध्ये त्याने क्लब ताब्यात घेतला तेव्हा रोव्हर्स दुसऱ्या श्रेणीत तळाशी धडपडत होता. अध्यक्षाची खुर्ची त्याने दुसऱ्यांकडे राहू दिली. आपण पैसा दिला आणि सामन्याला येऊन बसला.

मॅनेजर म्हणून त्याने केनी डॅल्ग्लिशला आणले. लिव्हरपूल सोडून, थकून घरी बसलेला डॅल्ग्लिश या गावठी क्लबात का आला याचे कोडे साऱ्या इंग्लंडला पडले होते. १९९२ मध्ये प्लेऑफ जिंकून रोव्हर्स वर चढला. त्याच उन्हाळ्यात साउदॅम्प्टनच्या अॅलन शिअररला तेव्हाच्या ब्रिटिश विक्रमी रकमेला घेतले. दोन वर्षांनी ख्रिस सटन ५० लाख पौंडांना आला, तोही विक्रमच. मैदानाच्या तीन बाजू पाडून नव्या उभारल्या. ब्रॉकहॉलला सराव-केंद्र आणि मुलांची प्रबोधिनी बांधली. १९९४-९५ च्या हंगामात शिअररने ३४ गोल केले आणि १४ मे १९९५ रोजी, लिव्हरपूलकडून १-२ असा पराभव पदरात पडत असताना, तिकडे वेस्ट हॅमने विजेतेपदाच्या शर्यतीतल्या मँचेस्टर युनायटेडला १-१ असे रोखल्याची बातमी आली. ८१ वर्षांनी ब्लॅकबर्न विजेता! पैशाने विजेतेपद विकत घेतले असे तेव्हा नाक मुरडणारे पुष्कळ होते. त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. पण त्या पैशाचा मालक कुठे बसतो, कुणाशी बोलतो, हरल्यावर कुणाच्या समोरून घरी जातो, हे गावाला ठाऊक होते. खेळात मालकाच्या चारित्र्याची तेवढीच एक कसोटी असते.

आता वॉकरचाही एक अपराध सांगतो, कारण भक्तीच्या धुरात तो झाकला जातो. ऑगस्ट २००० मध्ये वॉकर गेला. क्लब त्याच्या कौटुंबिक न्यासाकडे राहिला. मधल्या काळात खाली घसरलेला रोव्हर्स पुढच्या वर्षी पुन्हा वर आला, २००२ मध्ये कार्डिफला टॉटनहॅमला २-१ हरवून लीग कप जिंकला, अकरा हंगाम सलग प्रीमिअर लीगमध्ये राहिला. पण न्यासाचे मन थकले, हात आखडले आणि त्याने गिऱ्हाईक शोधायला सुरुवात केली. वॉकरने गावाला सर्व काही दिले, फक्त एक गोष्ट दिली नाही: हा क्लब पुढे कुणाच्या हाती जावा हे ठरवण्याचा अधिकार. दहा वर्षे गाव एका माणसाच्या प्रेमावर जगले. ते प्रेम कागदावर कुठेच बांधलेले नव्हते. दयाळू राजाच्या राज्यात प्रजेने घटना मागितली नाही की त्याच्या वारसाच्या काळात जे होते तेच झाले. म्हणून आम्ही आधीच बजावतो की या लेखाचा आशय ‘चांगला मालक’ विरुद्ध ‘वाईट मालक’ असा बाळबोध नाही.

आता पुण्याकडे या. व्यंकटेश्वरा हॅचरीज, म्हणजेच ‘वेंकीज’, हा समूह लहानसहान नव्हे. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये त्याचा पाया घातला. भारतीय कुक्कुटपालनाचे जनक म्हणून त्यांचे नाव सार्थ आहे. ज्यांनी खेड्यातल्या शेतकऱ्याच्या जोडधंद्याला शास्त्र दिले, त्यांच्या कर्तृत्वापुढे आम्ही नतमस्तक आहोत. त्यांच्या कन्या अनुराधा देसाई आणि पुत्र व्यंकटेश व बालाजी राव यांच्या हाती हा समूह आहे आणि त्यांनीच रोव्हर्स घेतला. कोंबडीचे पिल्लू, खाद्य, लस, बाजार यातली प्रत्येक कडी ज्या घराला पाठ आहे, त्या घराने फुटबॉल क्लब घेताना त्या धंद्याची एक तरी कडी शिकून घेतली होती काय? झाले ते पाहा.

सॅम अॅलर्डाइस हा खडूस पण कसलेला मॅनेजर. संघ तेराव्या स्थानी, म्हणजे सुरक्षित. १३ डिसेंबर २०१० रोजी, मालकी येऊन महिनाही झाला नसताना, त्याला घरी पाठवण्यात आले. जागी आला स्टीव्ह कीन. हाताखालचा प्रशिक्षक, मॅनेजरपदाचा अनुभव शून्य. क्लबच्या खरेदीत मालकांना सल्ला देणारे दलाल जेरोम अँडरसन हेच कीनचेही दलाल होते. यात काही बेकायदा होते असे आम्ही म्हणत नाही. पण घर घेताना ज्या दलालाचा सल्ला घेतला, घरात कारभारी ठेवतानाही त्याच्याच यादीतला ठेवला, हे शहाण्या व्यापाऱ्याचे लक्षण काय? मग रोनाल्डिन्योला आणण्याच्या गोष्टी झाल्या. तो आला नाही. खेळाडूंना ड्रेसिंग रूममध्ये बसवून सामन्याआधी कोंबडीच्या तंगड्या खाताना दाखवणारी जाहिरात मात्र झाली आणि सबंध इंग्लंड हसले. ऑक्टोबर २०११ मध्ये, हंगाम ऐन भरात आणि संघ तळाशी असताना, खेळाडूंना विमानात घालून पुण्याला आणले आणि बालेवाडीत पुणे एफसीशी मैत्रीचा सामना खेळवला. पुणेकरांनी हौसेने टाळ्या वाजवल्या. तिकडे ज्यांनी हंगामाचे तिकीट पदरचे पैसे मोडून काढले होते त्यांच्या जिवाचे काय झाले असेल, हा विचार त्या टाळ्यांत कुणाला शिवला नाही.

डिसेंबर २०११ मध्ये क्लबचे उपमुख्य कार्यकारी पॉल हंट यांनी मालकांना पत्र लिहिले: मॅनेजर बदला, बँकेशी नीट बोला, पाठीराख्यांशी बोला. नोकराने मालकाला सांगावे ते सारे त्यात होते. ते पत्र पुढच्या मे महिन्यात फुटले, आणि हंट यांची नोकरी गेली. तोपर्यंत जे होऊ नये ते झालेच होते. ७ मे २०१२ च्या पावसाळी रात्री विगनकडून ईवुडवर ०-१ हार आणि प्रीमिअर लीगमधून गच्छंती. त्या सामन्यात कुणीतरी रोव्हर्सच्या झेंड्यात गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. जगभर ते चित्र विनोद म्हणून छापले गेले. आम्हाला त्यात विनोद दिसत नाही. ज्याला सभेत बोलू दिले जात नाही, ज्याच्या पत्राला उत्तर मिळत नाही, तो माणूस कोंबडीच्या तोंडून निवेदन देतो.

त्यानंतरचा तमाशा एका दमात सांगून टाकू. २०१२-१३ च्या एका हंगामात त्या खुर्चीत, हंगामी धरून, पाच माणसे बसली. हेनिंग बर्ग ५७ दिवस, मायकेल अॅपलटन ६७ दिवस. बर्गने करारातले उरलेले पैसे कोर्टातून वसूल केले, २२ लाख ५० हजार पौंड. २०१७ मध्ये शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डला ३-१ हरवूनही केवळ गोलफरकाने रोव्हर्स तिसऱ्या श्रेणीत कोसळला. प्रीमिअर लीगचा माजी विजेता इतका खाली जाण्याची ती पहिलीच वेळ. ३१ हजार खुर्च्यांच्या ईवुडवर त्या काळात निम्म्याहून कितीतरी अधिक जागा रिकाम्या असत. टोनी मोब्रे या समंजस माणसाने एका वर्षात संघ दुसऱ्या श्रेणीत परत आणला, त्याचे श्रेय त्याला आणि त्याला पाच वर्षे टिकू देणाऱ्या मालकांनाही. पण २०१२ पासून प्रीमिअर लीगचे तोंड ब्लॅकबर्नने पुन्हा पाहिले नाही.

आता मालकांच्या बाजूने जो मुद्दा नेहमी मांडला जातो त्याकडे वळू, कारण तो टाळून पुढे जाणे हा पळपुटेपणा ठरेल. या घराण्याने क्लब लुटला नाही. उलट त्यात पैसा ओतला. एकूण आकडा २० कोटी पौंडांच्या वर गेल्याचे सांगितले जाते. त्यांच्या पैशाविना क्लब कधीच बुडाला असता असे मालकांचे कट्टर टीकाकारही कबूल करतात. मग तक्रार कसली? दाता गप्प बसून देतो आहे आणि घेणारा शिव्या देतो आहे, हा कुठला न्याय?

या प्रश्नाचे उत्तर कोकणातल्या माणसाला विचारा. खोताचे नाव घेताच त्याच्या आजोबांची पाठ का वाकत असे? मक्ता जास्त होता म्हणून, हे अर्धेच उत्तर. दुष्काळात धान्य देणारे, लग्नाला उसने पैसे देणारे खोतही होते. पण जमीन कसणाऱ्याला विचारण्याचा हक्क नव्हता. खोत मुंबईत की पुण्यात, जमीन कुणाला विकतो, कारभारी कोण नेमतो, उद्या आपल्याला ठेवणार की काढणार, यातले काहीही कुळाच्या हाती नव्हते. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे संप केला, शेते पडीक ठेवली, उपाशी राहिले, ते काही खोताच्या दयाळूपणाचे माप काढायला नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले तेव्हा त्यांनी चांगल्या खोतांना वगळून वाईट खोतांना शासन करा असे म्हटले नाही. ती पद्धतच उखडा म्हणाले. १९४९ च्या कायद्याने ती उखडली गेली. ज्या महाराष्ट्राने गैरहजर मालकीचा हा निकाल लावला, त्याच महाराष्ट्रातून निघालेल्या मालकीचा पट्टा आज सातासमुद्रापार एका कामगार गावाच्या मैदानावर चालतो आणि कुळांनी तोंड उघडले की ‘पैसा कोण देतो?’ हा खोतांचाच प्रश्न त्यांना विचारला जातो!

पैसा कोण देतो? गाव देते. दीडशे वर्षे देत आले आहे. पाऊस-थंडीत उभे राहून, हरलेल्या संघाला बापाकडून मुलाकडे वारशात देऊन. तुमचे २० कोटी पौंड काढून घेतले तर क्लब अडचणीत येईल; ती माणसे काढून घेतली तर क्लब नावाची वस्तूच उरत नाही. ती जमीन त्यांनी कसलेली आहे. सातबारा तुमच्या नावावर असेल.

दाता दूर असला की दानाचेही काय होते त्याचा पुरावा ताजा आहे. अंमलबजावणी संचालनालयाच्या परकीय चलनविषयक चौकशीमुळे पुण्याहून ब्लॅकबर्नला पैसा पाठवण्यासाठी मालकांना दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. २०२३-२४ मध्ये परवानगी मिळाली तीही पाठवायच्या रकमेइतकीच बँक हमी ठेवण्याच्या अटीवर. चौकशी म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे आम्ही ठळकपणे नोंदवतो. पण लँकशायरमधल्या क्लबचे पगार दिल्लीतल्या न्यायालयाच्या तारखेवर अवलंबून राहावेत, ही अवस्था कोणत्या शहाण्या व्यवस्थेत चालली असती? त्याच हिवाळ्यात, १ फेब्रुवारी २०२४ रोजी, अॅडम व्हार्टन विकला गेला. सहाव्या वर्षी प्रबोधिनीत आलेला, ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला, एकोणीस वर्षांचा पोरगा. क्रिस्टल पॅलेसने त्याला सुमारे १ कोटी ८० लाख पौंडांना नेले आणि चार महिन्यांत तो इंग्लंडच्या युरो संघात होता. गुणी पोर मोठ्या संघात जाणारच, त्याबद्दल आमचे रडगाणे नाही. प्रश्न असा की त्या पैशातून संघ किती बांधला गेला? वर्षभरातच, संघ बढतीच्या शर्यतीत असताना, मॅनेजर जॉन यूस्टेस सोडून गेला तोही तळाशी असलेल्या डार्बीकडे. आणि २०२५ मध्ये रोव्हर्सच्या महिला संघाने दुसऱ्या श्रेणीतून माघार घेतली, कारण परवान्याच्या वाढलेल्या अटींचा खर्च उचलण्याची क्लबची तयारी नव्हती. मुलींचा संघ सर्वांत आधी कापायचा, ही रीत तरी परकी नाही; ती आमच्या घरचीच आहे.

येथे एक प्रवास आठवतो तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी वेळ काढून ब्लॅकबर्नशेजारच्या डार्वेनला गेले. परदेशी कापडाच्या बहिष्काराने तिथल्या गिरण्या बंद पडत होत्या, माणसे बेकार झाली होती आणि त्या बहिष्काराचा कर्ता तो पंचा नेसलेला माणूस त्यांच्याच दारात उभा राहिला. शिव्या खायला तयार होऊन गेला. गिरणीतल्या बायकांनी त्याच्याभोवती हसत, हात उंचावत गर्दी केलेले छायाचित्र जगाने पाहिले आहे. ज्याने त्यांचे नुकसान केले तो समोर आला म्हणून त्यांनी त्याला मान दिला. आणि ज्यांनी २० कोटी पौंड ओतले ते मालक-कुटुंब वर्षानुवर्षे सामन्याला फिरकत नाही, पाठीराख्यांपुढे उभे राहत नाही, ही त्याच खोऱ्यातली आजची उघड तक्रार आहे. आम्ही पुण्याच्या या घराण्याला एवढेच विचारतो: भीती कशाची वाटते? डार्वेनहून ईवुड अवघ्या काही मैलांवर आहे.

इंग्लंड उशिरा का होईना शहाणे होते आहे. २०१८ मध्ये बरी हा जुना क्लब अवघ्या एका पौंडाला विकला गेला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून हाकलला गेला. त्या गावातली माणसे मैदानाच्या कुलूपबंद दाराशी उभी होती. २०२१ मध्ये सहा बड्या क्लबांच्या मालकांनी रातोरात युरोपीय सुपर लीगचा घाट घातला तेव्हा त्यांच्याच पाठीराख्यांनी रस्त्यावर उतरून तो दोन दिवसांत मोडला. मग ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखाली पाठीराख्यांच्या पुढाकाराचा आढावा झाला आणि जुलै २०२५ मध्ये फुटबॉल गव्हर्नन्स अॅक्ट आला. या कायद्यानुसार वरच्या पाच श्रेणींतले ११६ क्लब स्वतंत्र नियामकाच्या परवान्याखाली येतात. मालक होण्याआधी त्याची पैशाची आणि वर्तनाची तपासणी. अयोग्य ठरलेल्या विद्यमान मालकालाही दूर करण्याचा अधिकार. मैदान विकणे, चिन्ह किंवा रंग बदलणे यांवर अंकुश. पाठीराख्यांशी सल्लामसलत बंधनकारक. जर्मनीने १९९८ पासून क्लबमधली बहुमताची मते सभासदांकडेच ठेवली आहेत आणि तिथली मैदाने ओस पडलेली नाहीत. इंग्लंडचा कायदा तिथवर गेला नाही. मालकाच्या मनमानीला तो वेसण घालतो, मालकी मात्र तशीच ठेवतो. तरीही, वॉकरने जे गावाला दिले नाही त्यातले थोडे तरी संसदेने दिले.

आणि आमच्याकडे? लँकशायरच्या नावाने गळा काढायचा आणि घरातल्या मढ्यावर चादर घालायची, हे आमच्याने होणार नाही. मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा १९६२ पासूनचा संघ २०१० मध्ये मालकाने बंद केला. पुण्यात तर क्लबांचे स्मशानच आहे. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ मध्ये निघाला, २०१५ नंतर आय-लीगमधून गेला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एक हंगाम, हो, एकच हंगाम खेळून गुंडाळला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये गेला. एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर आला आणि २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबादने घेतली. चार मालक, चार जर्सी, चार वेळा बालेवाडीत ढोल वाजले, आणि एकदाही कुणी पाठीराख्याला विचारले नाही. गोव्यात पाच वेळा देशाचा विजेता ठरलेला डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी २०१६ मध्ये आय-लीग सोडली. त्यांचे भांडण महासंघाशी होते आणि त्यात त्यांची बाजू खरी होती, पण मडगावच्या फातोर्ड्याला वर्षानुवर्षे जाणाऱ्या माणसाला त्या भांडणात खुर्ची कुठे होती? केंद्राने २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. तो महासंघांच्या निवडणुका आणि तंटे पाहतो. खासगी मालकीचा क्लब आणि त्याचा पाठीराखा यांच्यात काय नाते असावे, यावर तो मूग गिळून आहे.

म्हणूनच आमच्या मागण्या दोन पत्त्यांवर पाठवतो. पहिला पत्ता पुण्यातला. मालकांनी ईवुडवर यावे, वर्षातून एकदा पाठीराख्यांच्या उघड सभेत बसावे, क्लबचे पुढच्या तीन वर्षांचे पैशाचे नियोजन जाहीर करावे, संचालक मंडळावर पाठीराख्यांनी निवडलेला एक माणूस मतदानाच्या हक्कासह घ्यावा आणि महिला संघाचा परवाना परत मिळवण्याची तारीख सांगावी. हे जमत नसेल तर विक्रीची किंमत आणि अटी उघड कराव्यात, म्हणजे गाव आपला पर्याय शोधील. मौन हा पर्याय नाही.

दुसरा पत्ता आपल्या संघटनांचा: वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, गोवा फुटबॉल असोसिएशन आणि त्यांच्या वर बसलेला अखिल भारतीय महासंघ. क्लबची नोंदणी करताना मालकाकडून एक हंगामाच्या पगाराइतकी ठेव घ्या. बंद करायचा असेल तर एक पूर्ण हंगाम आधी नोटीस द्यायला लावा. शहर, नाव किंवा रंग बदलायचा असेल तर हंगामाचे तिकीट काढणाऱ्यांचे मत घ्या आणि ते बंधनकारक करा. मुलांच्या प्रबोधिनीतली पोरे मालक बदलल्यावर रस्त्यावर येणार नाहीत अशी हमी लिहून घ्या; पुण्यात ती रस्त्यावर आली तेव्हा कुणी निषेधाचा ठरावही केला नाही. यासाठी विधिमंडळाचे अधिवेशन लागत नाही, आयोग लागत नाही, दिल्लीची वारी लागत नाही. नोंदणीच्या नियमांत चार कलमे घालायची आहेत. ते कार्यकारिणीच्या एका बैठकीचे काम आहे, आणि ती बैठक पुढच्या हंगामाची नोंदणी सुरू होण्याआधी बोलवा.